जपानी लॅकरच्या स्टँडवर कुंडी ठेवायची की नाही? पांढरं कडं, पायांवरच्या चिरा आणि पुण्याची हवा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे समजण्यात काही चूक झाली असेल तर सांगता येईल. तुम्ही टोकियोत निशी-कासाईला राहता. क्योटोला गेला होतात तेव्हा तोजी मंदिराच्या आवारात दर महिन्याच्या २१ तारखेला जो जुन्या वस्तूंचा बाजार भरतो, तिथून वाकड्या पायांचं काळं चकचकीत लाकडी स्टँड घेतलंत. विक्रेत्यानं ते 'शोवा काळातलं कादाई' असल्याचं सांगितलं. घरी ते खिडकीशी ठेवलंत आणि वर मनी प्लांटची कुंडी. काही महिन्यांनी कुंडी उचलली तर खाली पांढरट कडं. शिवाय पाय जिथे फळीला मिळतात तिथे केसासारख्या चिरा दिसतात. सासूबाई खोबरेल चोळायला सांगतात, घरात दुसरं मत पुण्याच्या पॉलिशवाल्याला दाखवण्याचं आहे. पुढच्या वर्षी परतायचं आहे, तेव्हा हे स्टँड पुण्यात टिकेल का, आणि मुळात हे खरं लॅकर आहे का, असं तुम्ही विचारता.

मी लाकडी वस्तूंचं जतन आणि दुरुस्ती करते. जपानी आणि चिनी लॅकरच्या वस्तू माझ्याकडे नियमित येतात, आणि त्यातल्या बहुतेकांची तक्रार तुमच्यासारखीच असते. कडं कसं घालवायचं हा दुसरा प्रश्न झाला. पहिला प्रश्न असा की ह्या स्टँडकडून तुम्ही जे काम करून घेताय, त्यासाठी ते बनलेलंच नाही. ते झाड *मांडायचं* स्टँड आहे, झाड *ठेवायचं* नाही.

जपानी घरात तोकोनोमा नावाचा कोनाडा असतो. तिथे चित्राची गुंडाळी टांगतात आणि खाली फुलांची रचना करतात. त्या फुलदाणीखालचं बुटकं मेज म्हणजे कादाई. फुलं कोमेजली की फुलदाणी उचलली जाते, मेज पुसून आत जातं. बोन्सायच्या स्टँडला शोकु म्हणतात, त्याचंही तसंच. बोन्साय ही बाहेर वाढणारी झाडं, वर्षभर अंगणातल्या फळ्यांवर उन्हापावसात असतात. टोकियोत उएनोच्या कलासंग्रहालयात १९३४ पासून कोकुफू-तेन हे बोन्सायचं मोठं प्रदर्शन भरतं. तिथे एकेका झाडाखाली जे देखणं शोकु दिसतं ते त्या प्रदर्शनापुरतं. मग झाड आपल्या फळीवर आणि शोकु आपल्या पेटीत परत जातं. तुमच्यापासून ओमिया फार लांब नाही. १९२३ च्या भूकंपानंतर टोकियोतले बोन्सायवाले तिथे जाऊन वसले, आता तिथे बोन्साय संग्रहालयही आहे. एकदा जाऊन बघा. झाडं बाहेर कशावर आहेत आणि आत तातामीच्या, म्हणजे जपानी चटया अंथरलेल्या खोलीत कशावर मांडली आहेत, हे शेजारी शेजारी पाहिलंत की माझं म्हणणं लगेच पटेल. आपल्याकडे चौरंग जसा पूजेला बाहेर येतो आणि एरवी कोणी त्यावर पाण्याचा हंडा ठेवत नाही, तसं हे आहे.

ह्यामागे नुसता रिवाज नाही, रसायनही आहे. खरं जपानी लॅकर म्हणजे उरुशी, एका झाडाचा चीक. दहा-पंधरा वर्षं वाढवलेल्या झाडाला एका हंगामात चरे पाडून जेमतेम २०० ग्रॅम चीक मिळतो, आणि मग बहुतेक वेळा ते झाड तोडतात. हा चीक आपल्या व्हार्निशसारखा उडून वाळत नाही. त्यातलं एक विकर हवेतला प्राणवायू घेऊन त्याची घट्ट साखळी बांधतं, आणि त्यासाठी दमट हवा लागते. म्हणून कारागीर वस्तू ७० ते ८५ टक्के आर्द्रता असलेल्या कपाटात ठेवून 'वाळवतात'. एकदा बांधली गेलेली उरुशी इतकी टणक असते की पाणी, दारू, सौम्य आम्ल कशालाच दाद देत नाही. जपानी माणूस रोज लॅकरच्या वाडग्यातून गरम सूप पितो ते त्यामुळेच.

मग तुमच्या स्टँडवर कडं का पडलं? कारण उरुशीचा खरा शत्रू उजेड आहे, त्यातही अतिनील किरण. उन्हानं वरचा थर हळूहळू तुटतो, चमक जाते, काळा रंग तपकिरीकडे झुकतो, आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या असंख्य चिरा पडतात. असा उन्हानं थकलेला थर पूर्वीसारखा पाणी परतवत नाही. पाणी त्या चिरांत शिरतं, थराचे तुटलेले अंश विरघळवतं आणि वाळताना पांढुरका ठसा सोडतं. संग्रहालयांत लॅकरच्या वस्तूंवर साधारण ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) वर उजेड पडू देत नाहीत. खिडकीजवळ दिवसा हजारो लक्स असतात. म्हणजे झाडाला जे हवं, भरपूर उजेड आणि नियमित पाणी, नेमकं तेच ह्या स्टँडला मारक आहे. दोघांची कायमची सोबत जमवण्याचा कुठलाही उपाय माझ्याकडे नाही. थोड्या वेळाची सोबत मात्र उत्तम जमते, त्याकडे पुढे येते.

आता खरं की खोटं. विक्रेत्यानं 'शोवा' म्हटलं ह्यातून फारसं कळत नाही, कारण शोवा काळ १९२६ ते १९८९ असा लांबलचक आहे. युद्धापूर्वीचं खरं उरुशीचं काम त्यात येतं आणि १९८० च्या सुमाराचं यंत्रानं फवारलेलं कामही. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये काजूच्या टरफलाच्या तेलापासून बनवलेला लॅकरसारखा रंग फार चालला. काजू सोलताना कोकणात ज्या तेलानं हात भाजतात, तेच हे तेल. उरुशी, काजू, आंबा आणि बिब्बा ही सगळी एकाच कुळातली झाडं, त्यामुळे काजू-रंग दिसायला उरुशीच्या फार जवळ जातो. हा रंग वाईट नाही. पण दोन्हींतला फरक खात्रीनं सांगायला प्रयोगशाळेतलं पृथक्करण लागतं. फोटो पाहून कोणी ठामपणे सांगत असेल तर विश्वास ठेवू नका, मीही सांगणार नाही.

तरी घरी काही गोष्टी पाहता येतात. स्टँड उलटं करा. कडेला साच्याची रेघ दिसली, वजन संशयास्पद हलकं लागलं, कोपऱ्यावर टवका उडून आत एकसारखा पिवळट भुसा दिसला, तर ते प्लास्टिक किंवा दाबीव भुशाच्या फळीचं आहे. मग निर्धास्त वापरा. टवक्यात काळ्या थराखाली राखाडी-तपकिरी मातीसारखा थर, आणि नशीब असेल तर कापडाची वीण दिसली, तर काम जुन्या पद्धतीचं आणि मेहनतीचं आहे. वाजिमासारख्या लॅकरकामासाठी प्रसिद्ध जपानी गावात सांधे आणि कडा कापड चिकटवून बळकट करतात, त्यावर भाजलेल्या मातीची भुकटी उरुशीत कालवून थर देतात आणि शेवटी चमकीचे हात मारतात. स्पिरिट किंवा नेलपॉलिश रिमूव्हर लावून पाहण्याचा सल्ला मिळतो, तो पाळू नका. उरुशी नवी असती तर टिकली असती. थकलेली टिकेलच असं नाही.

ह्याच कारणानं दुसरा एक नेहमीचा सल्लाही इथे उलटतो. कुठलंही द्रावण आधी 'न दिसणाऱ्या जागी' लावून पाहा असं सगळे सांगतात. लॅकरच्या बाबतीत न दिसणारी जागा म्हणजे जिथे उजेड पोचलेला नाही अशी जागा. तिथलं लॅकर ठणठणीत असतं. खालच्या बाजूला पाण्यानं काही झालं नाही म्हणून लोक वरची फळी ओल्या फडक्यानं पुसतात आणि एका दुपारीत अख्खी चमक घालवतात. चाचणी करायचीच तर वरच्या फळीच्या मागच्या कोपऱ्यात करा. कान साफ करायच्या कापसाच्या काडीला डिस्टिल्ड पाणी लावून, जवळजवळ कोरडी होईपर्यंत टिपून, टाचणीच्या डोक्याएवढ्या जागी क्षणभर टेकवा आणि लगेच कोरडं करा. वाळल्यावर तिथे ठिपका फिका दिसला तर ह्या स्टँडला पाणी पूर्ण बंद.

त्याआधी आणखी एक पाहा, त्याला काहीच लागत नाही. जिथे कुंडीची ताटली होती त्या गोलाच्या आतला काळा रंग आणि बाहेरचा काळा रंग जुळतो का? आतला जास्त गडद आणि तुकतुकीत असेल, तर बाहेरचा भाग तुमच्या खिडकीतच थकला आहे. दोन्ही सारखेच फिके असतील, तर हे नुकसान तुमच्याकडे येण्यापूर्वीचं आहे. ह्यावरून कडं किती खोल असेल ह्याचा अंदाज येतो.

कड्याचेही प्रकार असतात. टॉर्च फळीला जवळजवळ आडवा धरून बघा. कडं पृष्ठभागाच्या वर उठलेलं, खरखरीत दिसलं तर तो पाण्यातला चुना किंवा खताचं मीठ साचलेलं आहे. वरची चाचणी पार झाली असेल तर डिस्टिल्ड पाण्याच्या त्याच जवळजवळ कोरड्या काडीनं, बोटाच्या पेराएवढ्या जागेत, काडी घासण्याऐवजी गोल फिरवत ते बरंच निघतं. प्रत्येक वेळी नवी काडी. लिंबू, व्हिनेगर, खायचा सोडा, टूथपेस्ट ह्यातलं काही नको. टूथपेस्टमध्ये बारीक घासणी असते. ती पांढरेपणाबरोबर लॅकरही नेते. कडं सपाट असेल, थराच्या आत असल्यासारखं दुधट दिसत असेल, तर ते बारीक चिरांतलं आहे आणि घरच्या उपायानं निघणार नाही. तिथे हात न लावणं हाच माझा सल्ला. दुधट ठसा असलेलं स्टँड अजून शंभर वर्षं टिकेल, घासून उघडं पडलेलं टिकणार नाही.

खोबरेलाबद्दल सासूबाईंना नीट सांगायला हवं, कारण त्यांचा अनुभव खोटा नाही. आपल्या शिसवी पाटाला, सागवानी झोपाळ्याला तेल चालतं. तेल लावलं की तुमचंही स्टँड लगेच काळंभोर दिसेल, कारण तेल चिरा भरतं आणि दुधटपणा लपतो. पण ते चिरांतून खाली मातीच्या थरात उतरतं, काही काळानं चिकट होतं, धूळ धरतं. सगळ्यात वाईट म्हणजे पुढे कधी सुटलेला पापुद्रा चिकटवायची वेळ आली तर तेल प्यालेल्या थराला कुठलाच सरस धरत नाही. बाजारातली फवारायची फर्निचर पॉलिशं, मेण, जवसाचं तेल, सगळ्यांना हेच लागू. पॉलिशवाल्याकडे द्यायचं नाही ह्याचं कारण वेगळं आहे. त्याचं चपडा पॉलिश म्हणजे लाखेच्या किड्याची राळ स्पिरिटमध्ये विरघळवलेली. लावण्यापूर्वी तो जुना थर पॉलिश पेपरनं घासतो. चपडा पुन्हा स्पिरिटनं काढता येतो, पण घासलेली उरुशी परत येत नाही.

मग साफ करायचं कशानं? मऊ केसांच्या रुंद ब्रशनं धूळ झाडायची आणि धुतलेल्या मऊ सुती फडक्यानं हलक्या हातानं टिपायची. चिरांवरून फडकं ओढायचं नाही, धागा अडकून टवका निघतो. सोनेरी नक्षी असेल तर तिथे फक्त ब्रश. सोन्याची पूड ओल्या उरुशीवर शिंपून ती नक्षी करतात आणि जुनी झाली की पुसण्यानेच झिजते.

आता पायांवरच्या चिरा. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेनं हवेप्रमाणे फुगतं-आकसतं, उभ्या दिशेनं जवळजवळ नाही. जिथे उभ्या रेषांचा पाय आणि आडव्या रेषांची फळी भेटते तिथे दोघांची ओढाताण होते आणि वरचा लॅकर सांध्याच्या रेषेत फाटतो. टोकियोत हे हिवाळ्यात होतं, हीटरनं खोली कोरडी पडते तेव्हा. चीर बारीक आणि दोन्ही काठ लाकडाला घट्ट असतील तर ती वयाची खूण आहे, राहू द्या. काठ उचललेले असतील, आडव्या उजेडात त्यांची सावली पडत असेल, किंवा बोटानं अलगद टकटक केल्यावर पोकळ आवाज येत असेल, तर ते स्टँड वापरातून काढा. फेव्हिकॉल, फेव्हिक्विक, सेलोटेप नको. पापुद्रा पडलाच तर कागदी पाकिटात ठेवा आणि कुठल्या पायाचा, कुठल्या बाजूचा ते पाकिटावर लिहा. तो तुकडा हाती असणं आणि नसणं ह्यात दुरुस्तीच्या दर्जाचा मोठा फरक पडतो.

दुरुस्ती करावी का, हे तुमच्या स्टँडवर आणि तुमच्या भावनेवर अवलंबून आहे. जाणकार कारागीर सुटलेल्या थराखाली प्राण्यांच्या कातड्याचा सरस किंवा कणीक आणि कच्ची उरुशी मळून केलेली मुगी-उरुशी सोडतो. मग वस्तू एका लाकडी चौकटीत ठेवून बांबूच्या लवचिक काड्यांनी नेमक्या जागी दाब देतो आणि आठवडे वाट पाहतो. ह्या कामाचे पैसे बाजारातल्या साध्या स्टँडच्या किमतीपेक्षा सहज जास्त होतात. नक्षी नसलेलं घरगुती स्टँड असेल आणि तुम्हाला ते मनापासून आवडत असेल, तर जपानमध्ये असतानाच उरुशीच्या कारागिराकडून पुन्हा थर देऊन घेणं मला गैर वाटत नाही. तिथे पिढ्यान्‌पिढ्या तसंच करत आले आहेत. नक्षीकामाचं किंवा फार जुनं असेल तर नवा थर देऊ नका, फक्त सुटलेलं धरून घ्या. वाजिमाचा विचार करत असाल तर १ जानेवारी २०२४ च्या नोतो भूकंपात तिथल्या अनेक कार्यशाळांचं मोठं नुकसान झालं आहे, हे लक्षात ठेवून वेळ हाताशी ठेवा.

फुटलेली भांडी सांधायचे संच मिळतात, त्यातली उरुशी वापरून घरीच दुरुस्ती करावी असं वाटेल. माझी विनंती आहे, करू नका. पक्की झालेली उरुशी निरुपद्रवी असते, पण ओल्या उरुशीनं अंगावर पुरळ आणि फोड येतात, आणि ते लगेच येत नाहीत, एक-दोन दिवसांनी येतात. बिब्बा उतणारी माणसं आपल्याकडे सगळ्यांनी पाहिली आहेत. कैरीचा चीक लागून ज्यांचं तोंड उततं, त्यांनी तर ओल्या उरुशीपासून लांबच राहावं.

आता ते वापरायचं कसं. मनी प्लांट आजच खाली उतरवा आणि खिडकीत दुसऱ्या कशावर तरी ठेवा. स्टँड खोलीच्या आतल्या बाजूला, थेट ऊन न येणाऱ्या भिंतीशी न्या. पाहुणे येणार असतील, सण असेल, एखादं झाड फुलावर आलं असेल, तेव्हा ते झाड दोन-तीन दिवस त्यावर मांडा. पाणी आदल्या दिवशी घाला, निथळू द्या, कुंडीचा तळ हातानं चाचपून कोरडा असल्याची खात्री करा. बिनझिलईची मातीची कुंडी पाझरते, ती नको. कुंडीखाली झिलईची बशी, बशीखाली पातळ लाकडी फळी. जपानमध्ये अशा फळ्या ह्याच कामासाठी मिळतात. रबराची किंवा मऊ प्लास्टिकची चकती लावू नका, त्यातलं तेलकट द्रव्य लॅकरवर कायमचा डाग पाडतं. फेल्टही नको, तो ओल धरून बसतो. मधे पाणी घालावं लागलं तर झाड उतरवून घाला. स्टँड हलवताना अंगठ्या-बांगड्या काढा आणि फळीच्या काठाला न धरता खालच्या चौकटीला दोन्ही हातांनी आधार द्या.

पुण्याची काळजी तुम्ही करता ती रास्त आहे, पण चुकीच्या महिन्याची करता. पावसाळ्याचं भय लॅकरला कमी. दमट हवेत तर ते जन्मलेलं असतं. बुरशी धरू शकते, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये भिंतीपासून चार बोटं सरकवून ठेवा, प्लास्टिकनं झाकू नका आणि आठवड्याला कोरडा ब्रश फिरवा. खरी कसोटी मार्च ते मेची. दुपारी हवेतला ओलावा २०-२५ टक्क्यांवर येतो आणि लाकूड आकसतं. त्या खोलीत आर्द्रता दाखवणारं एक साधं यंत्र ठेवा. ५० ते ६० टक्के उत्तम. काटा ४० च्या खाली राहू लागला तर स्टँड पेटीत घाला किंवा घरातल्या सगळ्यात कमी तापणाऱ्या आतल्या खोलीत हलवा. एसीच्या झोतात किंवा कूलरच्या तोंडाशी कधीच नको. वाळवी आणि भुंग्यासाठी महिन्याकाठी पायांखाली पाहा. बारीक पिठासारखा भुगा दिसला तर लगेच वेगळं करा.

नेताना बबल रॅप थेट लॅकरला लावू नका, उष्णतेनं त्या बुडबुड्यांचे गोल पृष्ठभागावर उमटतात. आधी मऊ कोरा कागद किंवा धुतलेलं सुती कापड, मग फोम, मग खोकं. पुण्यात पोचल्यावर खोकं लगेच फोडू नका. बंदच दोन-तीन दिवस खोलीत राहू द्या, म्हणजे लाकडाला नव्या हवेशी जुळवून घ्यायला वेळ मिळतो. आणि पुन्हा तोजीच्या बाजारात जाणं झालं तर त्या विक्रेत्याकडे स्टँडच्या मूळ पेटीची चौकशी करा. किरी नावाच्या जपानी झाडाच्या लाकडाची ती हलकी पेटी ओलावा शोषते आणि सोडते, त्यामुळे आतली हवा सावकाश बदलते. झाकणावर कधी कधी बनवणाऱ्याचं नाव आणि वस्तूचं वर्णन शाईनं लिहिलेलं असतं. ते मिळालं तर 'खरं की खोटं' ह्याचा बराचसा उलगडा तिथेच होईल. मूळ पेटी नाही मिळाली तर त्या मापाची नवी किरीची पेटी करून घ्या. आत डांबरगोळ्या मात्र ठेवू नका.